योहान : एका नांवाचा प्रवास

शाळेंत हजेरी घेतांना दररोज जीं नांवें आपल्या कानांवर पडतात, त्यांपैकीं फारच थोड्या नांवांचा इतिहास आपणांस ठाऊक असतो. नांव हें मनुष्यास जन्मानंतर मिळणारें पहिलें दान होय. तें त्यानें मागितलेलें नसतें, आणि आयुष्यभर तें त्याच्यापेक्षां इतरांच्याच मुखीं अधिक असतें. तें कोठून आलें, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग बहुधा येत नाहीं. माझ्यावर तो गेल्या वर्षीं आला.

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरून घेण्याचें काम त्या वेळीं माझ्याकडे होतें. एके दिवशीं मधल्या सुटींत रिठदचा एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. मुलगा शांत व अभ्यासू. परंतु त्या दिवशीं त्याची मान खालीं होती. "सर, फॉर्मवर माझं नांव जॉन लिहितां येईल का?" असें त्यानें हळूच विचारलें. हजेरीपटावर त्याचें नांव योहान असें आहे. कारण विचारतां तो म्हणाला, "काही मुलं म्हणतात, योहान हे जॉनचं खेडवळ रूप आहे, खरं नांव जॉन. आणि काही म्हणतात, दोन्ही नांवं परदेशीच, तूही परदेशी."

मीं त्यास, वडिलांना घेऊन ये, असें सांगितलें. बाजाराच्या दिवशीं वडील आले. ते खुर्चीवर बसेनात; उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, पोरगा म्हणते नांव बदला. ह्याच नांवानं माह्या बापाले गांव ओळखत होतं. नांव म्हणजे काय सदरा हाय, फाटला म्हणून बदलाले?" मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला.

अर्जावर नांव एकदां गेलें, कीं तें प्रमाणपत्रावर उतरतें आणि पुढें जन्मभर कागदोपत्रीं चालतें. तेव्हां घाईनें होय अथवा नाहीं म्हणणें मला बरें वाटलें नाहीं. मीं दोघांकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली व ह्या नांवाची हकीकत जमविली. त्या चार दिवसांत हातीं आलेलें, व पुढें त्यांत भर पडत गेलेलें, असें सर्व ह्या लेखांत मांडीत आहें.

प्रथम मूळ शब्द पाहूं. योहान हें नांव हिब्रू भाषेंतील, म्हणजे प्राचीन यहुदी लोकांच्या भाषेंतील आहे. त्याचें जुनें रूप योहानान, आणि त्याहूनही जुनें व पूर्ण रूप यहोहानान. ह्यांतील पहिला भाग देवाच्या हिब्रू नामाचें संक्षिप्त रूप आहे; दुसरा भाग 'हानान' म्हणजे 'कृपा केली'. 'देवानें कृपा केली' असें हें एक लहानसें वाक्यच होय. आपल्याकडे देवदत्त, हरिप्रसाद, गुरुप्रसाद हीं नांवें ज्या भावनेनें ठेवितात, तीच भावना ह्या नांवाच्या पोटीं आहे. पुष्कळ वर्षांनीं मूल झालें अथवा दुखण्यांतून वांचलें, कीं आईबापांच्या तोंडून जे उद्गार प्रथम निघतात, त्यांचेंच येथें नांव झालें आहे.

हाच कृपावाचक धातु दुसऱ्याही नांवांत आढळतो. जुन्या करारांतील शमुवेलाची आई हन्ना हिचें नांव त्यापासूनच झालें; तेंच पुढें युरोपांत अ‍ॅना, अ‍ॅन असें झालें. इतिहासाच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांनीं हानिबाल ह्या सेनापतीचें नांव वाचलें असेल. इ. स. पूर्वीं २१८ ह्या वर्षीं हत्ती व सैन्य घेऊन आल्प्स पर्वत ओलांडून तो इटालींत उतरला. त्याच्या कार्थेज नगराची भाषा हिब्रूची बहीण होती, आणि त्याच्या नांवाचा अर्थ 'बाल देवाची कृपा'. रोमचा हा शत्रु आणि आपला रिठदचा योहान हे शब्दाच्या नात्यानें भाऊबंद आहेत, हें ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्यावर प्रथमच हसूं आलें.

ज्या पुरुषामुळें हें नांव जगभर गेलें, तो बाप्तिस्मा करणारा योहान. त्याच्या बारशाची हकीकत लूकच्या शुभवर्तमानांत आहे, आणि ती आपल्या विषयास फार उपयोगी आहे. जखऱ्या व अलीशिबा ह्या वृद्ध दांपत्यास मुलगा झाला. आठव्या दिवशीं शेजारीपाजारी व नातलग जमले, आणि आपल्याकडे आजोबांचें नांव नातवास द्यावें तसें, बापाचेंच नांव मुलास द्यावें असें त्यांनीं ठरविलें. आईनें नकार दिला व योहान हें नांव सांगितलें. तेव्हां नातलगांनीं आक्षेप घेतला कीं, तुमच्या कुळांत ह्या नांवाचें कोणी नाहीं. बापाची वाचा बंद झालेली होती. त्यानें पाटी मागवून तिच्यावर तेंच नांव लिहिलें. म्हणजे, 'हें नांव आपल्यांतलें नव्हे' ही तक्रार त्या मुलानें वर्गांत प्रथम ऐकली असें नाहीं. ह्या नांवाच्या सर्वांत प्रसिद्ध धन्याच्या बारशालाच ती झाली होती.

आतां योहानानचा जॉन कसा झाला, ह्याकडे वळूं. एका भाषेंतील नांव दुसऱ्या भाषेंत गेलें म्हणजे तेथील लोकांच्या जिभेच्या वळणाप्रमाणें बदलतें. हें समजण्यास युरोपांत जावयास नको. कृष्ण हें नांव घ्या. आपल्या वऱ्हाडांत त्याचा किसन होतो, व्रजांत कान्हा, बंगाल्यांत केष्ट व कानाई, तामीळ देशांत कण्णन. कृष्ण आणि कण्णन शेजारी ठेविले तर अनोळखी मनुष्यास ते एक वाटणार नाहींत. तरी ते एकच आहेत. आपल्याकडे खेड्यांत विठ्ठलास इठ्ठल म्हणतात, विहिरीस इहीर, शाळेस शाया आणि डोळ्यास डोया. ह्यास कोणी अडाणीपणा म्हणेल. परंतु तो अडाणीपणा नव्हे. शब्दाच्या आरंभींच्या 'वि'चा 'इ' झाला तर तो विठ्ठल व विहीर ह्या दोहोंतही होतो, 'ळ'चा 'य' झाला तर तो शाळा व डोळा ह्या दोहोंतही होतो; ह्यावरून अशा बदलांस नियम असतो हें दिसून येतें. आपल्या वाशीम शहराचें नांवच पहा. वाकाटकांच्या काळीं तें वत्सगुल्म होतें. प्राकृतांत तें वच्छोम झालें, पुढें वाशीम झालें, आणि इंग्रजी अमदानींतील कागदांत त्याचें बासीम झालें. गांव तेंच आहे.

योहानान ह्या नांवाचेंही असेंच झालें. हिब्रूंतील 'ह' हा घशांतून निघणारा वर्ण ग्रीक भाषेंत शब्दाच्या मध्यें येत नसे. म्हणून नवा करार ग्रीकमध्यें लिहिला गेला तेव्हां तो 'ह' गळाला, शेवटीं ग्रीक पुरुषनामांस लागणारा 'एस' प्रत्यय आला, आणि नांव योआन्नेस असें झालें. तेथून तें रोमी लोकांच्या लॅटिन भाषेंत गेलें. लॅटिन लेखकांनीं 'ह' पुन्हां घातला व योहान्नेस असें लिहिलें. येथपर्यंत आरंभीचा 'यो' जसाच्या तसा होता. येथून युरोपांत ह्या नांवाला तीन वाटा फुटल्या.

पहिली वाट उत्तरेकडील. जर्मन लोकांनीं योहान्नेसचें शेपूट तोडून योहान हें रूप केलें. तें आपल्या मराठी योहानाहून कानाला वेगळें लागत नाहीं. छापखान्याचा जनक गूटेनबर्ग, ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर, हे दोघेही योहान्नेस. थोर संगीतकार बाख हा योहान सेबास्टियन. घरगुती हाकेंत योहान्नेसचा पुढचा भाग सोडून मागचा ठेवला, तेव्हां हान्स झाला. डच, पोल व चेक लोकांनीं मधला भाग गाळून यान केला. धर्मसुधारणेसाठीं १४१५ सालीं जाळला गेलेला यान हुस ह्याच नांवाचा. डेन्मार्कांत येन्स, फिन्लंडांत युहानी, लिथुएनियांत योनास, हंगेरींत यानोश, हे सर्व त्याच घरचे. ह्या सर्वांत 'य' टिकला आहे, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी वाट पूर्वेकडील, ग्रीक मंडळीच्या द्वारें स्लाव लोकांत गेलेली. ग्रीक योआन्नेसमध्यें 'ओ' व 'आ' हे दोन स्वर एकमेकांस लागून आले. असे स्वर लागून आले म्हणजे उच्चारांत मध्यें 'व' शिरतो. संस्कृत व्याकरणांत सु आणि आगत मिळून स्वागत होतें, पो आणि अन मिळून पवन होतें, हें आपण संधिप्रकरणांत शिकलांच आहां. तसेंच योआन ह्याचें सर्बियांत योव्हान झालें, आणि रशियांत इव्हान. १५४७ सालीं रशियाचा पहिला झार म्हणून ज्यास राज्याभिषेक झाला, तो चौथा इव्हान. त्याच देशाच्या धर्मग्रंथांत मात्र तेंच नांव योआन असें ग्रीक वळणानें लिहितात. देवळांत एक व अंगणांत दुसरें, असें हें आपल्याकडील कृष्ण व किसन ह्यांसारखेंच झालें.

तिसरी वाट लॅटिनपासून निघालेल्या दक्षिण व पश्चिम युरोपच्या भाषांची, आणि आपल्या प्रश्नाचें उत्तर ह्याच वाटेवर आहे. ह्या भाषांत शब्दारंभींचा 'य' हळूहळू घट्ट होऊन 'ज' झाला. आपल्याकडेही यमुनेची जमुना, योगीचा जोगी, यात्रेची जत्रा झाली, प्रकार तोच. इटालींत जोव्हान्नी झाला. जुन्या फ्रेंच भाषेंत जेहान झाला. पुढें फ्रेंचांनीं 'ज'ही मऊ करून, शेवटचा 'न' नाकांत सोडून, झाँ असा उच्चार केला. स्पेनमध्यें लिहिण्यांत तेंच अक्षर राहिलें, पण उच्चार घशांत जाऊन ख्वान झाला. जगप्रदक्षिणा प्रथम पुरी करून १५२२ सालीं परत आलेल्या जहाजाचा नायक एल्कानो हा ख्वान सेबास्टियन होता. बाखचें व त्याचें नांव अक्षरशः एकच. पोर्तुगालांत मधला 'न' झिजून गेला व त्याचा नाद मागच्या स्वरावर उरला. त्यामुळें जुआंव असें रूप झालें. हेंही आपणांस परकें नाहीं. संस्कृत नामन् ह्यांतील 'म' झिजून आपलें नांव झालें, ग्राम ह्यांतील 'म' झिजून गांव झालें. त्या शब्दांवर आम्ही जुनीं माणसें जो अनुस्वार देतों, तो त्या गेलेल्या अक्षराची खूण होय.

इंग्लंड ह्या तिसऱ्या वाटेवर उशिरां आलें. १०६६ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांच्याबरोबर त्यांची फ्रेंच भाषा व त्यांचीं नांवें आलीं. तत्पूर्वीं इंग्लंडांत हें नांव लॅटिन वळणानें क्वचित् आढळे. आतां जेहानचा जोन व जॉन होऊन तें घरोघर पसरलें, आणि मध्ययुगाच्या अखेरीस तें तेथील सर्वांत अधिक आढळणाऱ्या पुरुषनामांपैकीं एक झालें. इंग्रजी शिकतांना विद्यार्थी नेहमीं विचारतात कीं, जॉनच्या स्पेलिंगमध्यें एच् हें अक्षर कशाला, त्याचा तर उच्चारच होत नाहीं. उत्तर असें कीं, तो हिब्रू 'ह' आहे. ग्रीकमध्यें तो गळाला, लॅटिनमध्यें परत आला, इंग्रजींत उच्चारांतून पुन्हां गेला; परंतु पाटीवर राहून गेला.

आतां पायऱ्या मोजूं. योहानान, मग योआन्नेस, मग योहान्नेस, मग जेहान, मग जॉन : मुळापासून जॉन चार पायऱ्यांवर आहे. मराठी योहान ह्यांत मात्र 'यो', 'हा' व 'न' हे तिन्ही वर्ण मुळांतल्या क्रमानें शाबूत आहेत. केवळ शेवट गेला आहे. तेव्हां योहान हें जॉनचें खेडवळ रूप आहे, असें म्हणणाऱ्यांनीं गोष्ट नेमकी उलटी धरली होती. दोघांत मुळाच्या अधिक जवळ कोण, असा प्रश्न असेल, तर रिठदच्या हजेरीपटावरचें नांव लंडनच्या नांवाहून जवळ आहे.

ह्याचा अर्थ जॉन हें बिघडलेलें अथवा हीन नांव असा मुळींच नाहीं. किसन हें कृष्णाहून हीन नव्हे. एकच मनुष्य बंदर बदलतांच नांवाचा उच्चार बदलतो, हें इतिहासांत पुष्कळदां दिसतें. १४९७ सालीं इंग्लंडच्या राजाच्या वतीनें अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलेला जॉन कॅबट हा मूळचा इटालियन. व्हेनिसच्या बोलींत तो झुआन, पुस्तकी इटालियनमध्यें जोव्हान्नी, आणि इंग्लंडांत जॉन. तीन नांवें, परंतु तारूं एकच.

आयर्लंड व वेल्स येथें तर हें नांव दोन वेळां येऊन पोंचलें. आयर्लंडांत लॅटिनमधून फार पूर्वीं आलेलें रूप ओएन, आणि नॉर्मन लोकांच्या जेहानपासून झालेलें रूप शॉन. दोन्ही आजही चालतात. वेल्समध्यें यायान, इव्हान व शॉन अशीं रूपें झालीं. तेथें 'जॉनचा मुलगा' ह्या अर्थानें जोन्स हें आडनांव इतकें पसरलें कीं, वेल्समध्यें त्याच्याइतकें दुसरें आडनांव आढळत नाहीं. सर विल्यम जोन्स ह्यांचे वडील वेल्सचेच. ह्या जोन्सनीं १७८४ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापिली, व १७८६ सालीं तेथेंच व्याख्यान देऊन संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादिलें. शब्दांचीं नातीं शोधण्याची जी विद्या आपण ह्या लेखांत वापरीत आहों, तिच्या आद्य पुरुषांपैकीं एकाचें आडनांवच 'योहानाचा' असें आहे. रशियांतील इव्हानोव्ह, डेन्मार्कांतील येन्सेन व हान्सेन, इंग्लंडांतील जॉन्सन, सर्बियांतील योव्हानोविच, आर्मेनियांतील होव्हान्निस्यान, ह्या सर्व आडनांवांचा अर्थ एकच.

एक घरगुती रूप आपल्या रस्त्यांवरही फिरत आहे. इंग्लंडांत जॉनला लाडानें जँकिन म्हणत; त्याचें जॅकिन व अखेर जॅक झालें. हें नांव इतकें सर्वसाधारण झालें कीं, कोणत्याही गड्यास, चाकरास अथवा पोऱ्यास जॅक म्हणूं लागले. पुढें गड्याचें काम करणाऱ्या यंत्रासही तेंच नांव मिळालें. वाशीम–रिसोड रस्त्यावर ट्रकचें चाक फुटलें, म्हणजे ड्रायव्हर क्लीनरला "जॅक काढ" म्हणून ओरडतो. तें लोखंडी साधन म्हणजे 'देवानें कृपा केली' ह्या वाक्याचा पणतू होय. पत्त्यांतील गुलामास इंग्रजींत जॅक म्हणतात, तेंही ह्याच कारणानें. आपल्याकडे त्याचें गुलाम हें नांव पडलें, त्यांत चाकराचा अर्थ उघडच आहे.

परंतु येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सारखा दिसणारा प्रत्येक शब्द सगोत्र नसतो. फणसास इंग्रजींत जॅकफ्रूट म्हणतात. त्यांतील जॅकचा ह्या जॅकशीं संबंध नाहीं. मलयाळी भाषेंत फणसास चक्क म्हणतात. पोर्तुगीजांनीं त्याचें जाका केलें, आणि इंग्रजांनीं जॅक. तसेंच जोनाथन हें जॉनचें लांब रूप नव्हे. तें हिब्रू योनाथान, म्हणजे 'देवानें दिलें'; आपल्या देवदत्ताशीं त्याचा अर्थ तंतोतंत जुळतो. १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले जोनाथन डंकन हे ह्या दृष्टीनें देवदत्तच होते. नांवांचा अभ्यास करणाऱ्यानें उच्चाराच्या सारखेपणावर न भुलतां प्रत्येक पायरीचा पुरावा मागावा.

हें एकच नांव इतकें कां पसरलें? ह्याचें मुख्य कारण असें कीं, ख्रिस्ती परंपरेंत दोन थोर पुरुष ह्या नांवाचे आहेत. एक बाप्तिस्मा करणारा योहान, व दुसरा प्रेषित योहान, ज्याच्या नांवावर चौथें शुभवर्तमान आहे. ज्यांच्या नांवानें देवळें बांधलीं, सण पाळले, त्यांचींच नांवें लोकांनीं मुलांस दिलीं. रोमच्या पोपांच्या मालिकेंतही हेंच नांव सर्वांत अधिक वेळां आलें आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन २४ जून हा मानितात, आणि तो नाताळच्या सुमारें सहा महिने आधीं येतो. उत्तर युरोपांत तो वर्षांतील सर्वांत लांब दिवसांचा काळ. लॅटव्हियांत ह्या सणास यानी म्हणतात, फिन्लंडांत युहान्नुस. दोहोंतही आपलें नांव स्पष्ट दिसतें.

आपल्या गोमंतकांतही २४ जूनचा हा सण मोठ्या उत्साहानें होतो. तेथें त्यास सांजांव म्हणतात. 'सांव जुआंव', म्हणजे 'संत योहान', ह्याचाच हा संक्षेप. मृगाच्या पावसानें विहिरी भरलेल्या असतात. तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांचा कोपेल, म्हणजे मुकुट, घालून वाजतगाजत निघतात व विहिरींत उड्या घेतात. नव्या जांवयांचा त्या दिवशीं मान असतो. योहानानें आईच्या उदरांतच आनंदानें उसळी मारली, असें शास्त्रांत सांगितलें आहे. उडीचा संबंध त्या प्रसंगाशीं जोडतात. शिवोली गांवीं होड्या सजवून मिरवणूक निघते. पॅलेस्टाईनमधील नांव, पोर्तुगालचा उच्चार आणि कोंकणचा पाऊस ह्यांचा असा मेळ तेथें बसला आहे.

युरोपच्या बाहेरही हें नांव गेलें, व तेथें तें युरोपची वाट न पाहतांच गेलें. आर्मेनियांत होव्हान्नेस, हबशी देशांत योहान्नेस, अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत युहन्ना हीं रूपें फार जुनीं आहेत. केरळांतील ख्रिस्ती लोकांची उपासना पूर्वापार सिरियाक भाषेंत होत असे, आणि ती भाषा हिब्रूच्या जवळची. म्हणून तेथें योहन्नान हें नांव चालतें, व त्यांत शेवटचा दुसरा 'न'ही टिकला आहे. मुळाशीं जवळीक पाहिली तर तें आपल्या योहानाच्याही पुढें आहे. कुराणांत ह्याच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास याह्या म्हटलें आहे, व तो जकरियाचा पुत्र, म्हणजे आपल्या जखऱ्याचाच, असें सांगितलें आहे. त्यामुळें वर्गांत एका बाकावर याह्या नांवाचा मुसलमान मुलगा व योहान नांवाचा ख्रिस्ती मुलगा शेजारी बसले, तर दोघांचीं नांवें एकाच पुरुषावरून आलेलीं आहेत. दोघांनाही हें ठाऊक असलें तर किती बरें होईल!

आतां शेवटचा प्रश्न : मराठींत हें नांव कोणत्या दारानें आलें? दारें तीन आहेत. पहिलें पोर्तुगीजांचें. गोव्यांत १५१० पासून व वसईंत १५३४ पासून त्यांचा अंमल झाला, आणि त्या किनाऱ्यावर जुआंव आला. दुसरें दार इंग्रजीचें. १८२९ सालीं मुंबईस आलेले व पुढें विल्सन कॉलेजमुळें प्रसिद्ध झालेले जॉन विल्सन ह्यांच्यासारख्यांच्या द्वारें जॉन हा उच्चार लोकांच्या परिचयाचा झाला. तिसरें दार शास्त्राच्या भाषांतराचें. १८११ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें मराठी नवा करार छापून निघाला. पुढें अनेकांनीं भाषांतरें सुधारलीं. पंडिता रमाबाईंनीं तर मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून समग्र बायबलाचें भाषांतर केलें, आणि तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

भाषांतरकारांपुढें इंग्रजी बायबल होतेंच. त्यांना पीटर, जेम्स, मॅथ्यू, जॉन असें लिहितां आलें असतें. परंतु मराठी बायबलांत पेत्र, याकोब, मत्तय, योहान हीं रूपें रूढ झालीं. ह्या नांवांनीं इंग्लंडच्या दारावरून न जातां मुळाकडूनच सरळ वाट धरली. त्यांतील योहान हा शब्द मराठींत मराठीसारखाच चालतो. योहानानें, योहानास, योहानाचा अशा विभक्त्या त्यास बिनतक्रार लागतात. परभाषेंतील शब्दानें आपल्या भाषेंत घर केलें आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची वैयाकरणांची ही साधी कसोटी आहे.

तेव्हां 'नांव परदेशी आहे' ह्या आक्षेपास काय उत्तर द्यावें? मूळ पाहिलें तर तें परदेशी आहे, हें खरें. परंतु त्या अर्थानें तें जर्मनींत, रशियांत, आयर्लंडांत व इंग्लंडांतही परदेशीच आहे. तेथें ते लोक त्यास आपलें म्हणतात, कारण त्यांच्या आजापणज्यांनीं तें धारण केलें, त्या नांवानें शेतें केलीं, घरें बांधलीं, सुखदुःखें भोगलीं. हाच हक्क रिठदच्या घरासही आहे. ज्या मनुष्यास गांवानें पन्नास वर्षें योहान म्हणून हाक मारली, त्याच्या नांवानें गांवांत मुळें धरलीं. नांवाचें मूळ एका ठिकाणीं असतें, पण त्याचें घर पुष्कळ ठिकाणीं असूं शकतें.

चार दिवसांनीं पितापुत्र पुन्हां आले. मीं फळ्यावर पायऱ्या काढून दाखविल्या. वडील वाचून म्हणाले, "म्हणजे सर, आमचंच जुनं हाय म्हणा." मीं म्हटलें, "जुनें आहे, पण एकट्या तुमचें नाहीं. हें इव्हानचें आहे, हान्सचें आहे, याह्याचेंही आहे." मुलगा बराच वेळ फळ्याकडे पाहत होता. मग त्यानें अर्ज ओढून घेतला आणि आपल्या हातानें योहान असें लिहिलें. त्यानें जॉन लिहिलें असतें, तरी मीं त्यास अडविलें नसतें; परंतु काय सोडतों व काय घेतों हें जाणून त्यानें तें करावें, एवढीच माझी इच्छा होती.

पालकांस माझी एक विनंति आहे. मुलाचें नांव काय आहे, हें आपण शाळेंत सांगतां. तें कां ठेविलें, हेंही घरीं एकदां मुलास सांगावें. आणि विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत आपल्या आजीआजोबांपाशीं बसून घरांतील तीन पिढ्यांचीं नांवें लिहून घ्यावीं, त्यांचे अर्थ विचारावे, कोणास कोणत्या लाडक्या नांवानें हाक मारीत तेंही टिपावें. त्यांत कोठें किसन निघेल, कोठें याह्या, कोठें योहान. ती वही शाळा उघडल्यावर मला दाखवावी. मी ती आनंदानें वाचीन.